डबीपुढचा दिवा

उस्ताद,

तुमचा खोकला आता कसा आहे? तिकडे भुशाचा धूर नाही, बॉयलरची राख नाही, म्हणजे बसला असेल असं मी आपलं धरून चाललो आहे. काकूंचे गुडघे कसे आहेत? शेवटी शेवटी त्यांना चाळीतल्या नळापर्यंत जाववत नव्हतं, तरी म्हणायच्या, "मले काय झालं? मी अजून दरेकशाचा डोंगर चढून जाईन." आपल्या मिलचा चौकीदार भेटतो का? त्याच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं. तिकडे त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसतं का, ते विचारून ठेवा. माझी आई आसपास असेल तर तिची दाढ दुखायची थांबली का बघा. थांबली असली तरी ती सांगणार नाही, लवंग मागेलच. आणि धानाची गाडी ओढणारा तो पांढरा बैल, ज्याला तुम्ही रोज गुळाचा खडा द्यायचे? जनावरं तिकडे माणसांसोबतच राहतात की वेगळी, मला काही कल्पना नाही.

एवढं सगळ्यांचं विचारून झालं की "इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत" असं लिहायची रीत आहे. दरेकशाला तुमच्या भावाला जाणारी पत्रं मीच लिहायचो ना. तुम्ही हौदाच्या कठड्यावर बसून सांगायचे आणि मी पोत्यावर कागद ठेवून लिहायचो. काकू तापानं फणफणलेल्या असल्या तरी तुम्ही म्हणायचे, "खुशाल लिव. वाचनारा तिथं बसून काय करन?" मी तसंच लिहायचो. आज मात्र ते वाक्य माझ्या हातून उतरत नाही. तुमची सूनबाई, माझी बायको, बरी नाही, उस्ताद. तुम्ही मला पोटच्या पोरासारखं धरलं आणि तिला सून म्हटलं, म्हणून तुम्हालाच सांगतो. बाकी ज्यांना सांगायला पाहिजे त्यांना मी सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी पुरण वाटता वाटता ती एका अंगावर कलंडली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ गेली. गोंदियाच्या डॉक्टरनं जीव वाचवला, पण आपली सूनबाई, जी मिलच्या आवारात चाळीस बायांवर आवाज चढवायची, तिच्याजवळ एक "हं" तेवढा उरला. तुम्हाला आठवत असेल, हौदात भिजवून वाफेवर उसनलेलं धान फरशीवर वाळायला टाकलं की या बाया अनवाणी पायांनी ते पालटत जायच्या, ओळीनं, वैशाखाच्या उन्हात. तुम्ही म्हणायचे, "धान सुकलं का नाई, हे मले नको इचारू. सूनबाईच्या तळपायाले इचार." ती उन्हाला कधी भ्याली नाही. भ्यायची ती थंडीला. आणि आता तेच तळपाय उशीवर ठेवलेले, हलत नाहीत, की काही सांगत नाहीत.

पण उस्ताद, सगळंच गेलं होतं असं नव्हतं, आणि खरं दुःख तिथंच आहे. यंदाच्या होळीपर्यंत तिच्या "हं"चे दोन प्रकार झाले होते. आखूड असला तर हो, लांबवला तर नाही. डाव्या हातानं चमचा धरत होती. एकदा सकाळी मी पातेलं गॅसवर ठेवलं तर मागून आवाज आला, "चा." पुरता चहा नाही, अर्धाच. मी गॅस बंद करून तिथंच खाली बसलो. शेजारची बाई, जी तिला रोज न्हाऊमाखू घालते, म्हणाली, "भाऊजी, चहा मांगून राहिली ते, अन् तुमी रडत बसले. करा ना चहा!" डॉक्टरही म्हणाले होते, वर्षभरात दोनचार शब्द परत येतील. मी कोणते शब्द पाहिजेत ते मनात ठरवूनसुद्धा ठेवले होते. माझ्या नावाची मला गरज नव्हती. तिनं मला "काऊन जी?" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मग उन्हाळा आला. सडक अर्जुनीच्या आमच्या घरावर आता कवेलू नाहीत, स्लॅब आहे, आणि दुपारी चारला त्या स्लॅबवर पापड भाजावा. लकव्याच्या माणसाला नीट घाम येत नाही. अंगावरची चादर सारताही येत नाही की ओढताही येत नाही. पुण्याहून लेक फोनवर रोज एकच विचारायची, "बाबा, आईच्या खोलीत किती आहे?" मी म्हणायचो, गरम आहे. ती म्हणायची, "गरम म्हणजे किती?" किती, ते मी काय सांगणार? मग तिनं एसी पाठवला आणि त्याच्यासोबत एक पांढरी डबी, तळहातापेक्षा थोडी लहान, भिंतीवर लावायची. त्या डबीला खोलीतली ऊब कळते. तिला एकदा सांगून ठेवायचं की सकाळी इतकी ऊब ठेव, दुपारी इतकी, रात्री इतकी. मग ती आपली आपण एसीला हुकूम देते. चालू हो, बंद हो. माणसानं बटन दाबायची गरज नाही. लेक म्हणाली, "तुम्ही विसराल, बाबा. ती विसरत नाही."

आणि मला त्या डबीची खरीच गरज होती, उस्ताद. तुम्ही ज्या हाताला एवढं शिकवलं तो हात आता बधिर आहे. साखरेच्या आजारानं बोटांच्या शेंड्यांपासून सुरुवात झाली ती मनगटापर्यंत आली. चहाची कपबशी तापलेली आहे हे मला ती ओठाला लागल्यावर कळतं. ज्या तळव्यानं मी हौदातल्या पाण्याची ऊब सांगत होतो आणि तुम्ही काटा बघून "हाव, बरोबर" म्हणत होते, त्या तळव्याला आता ताप नाही आणि गारही नाही. बायकोच्या कपाळावर हात ठेवला तर लाकडावर ठेवल्यासारखा.

डबी बसवायला कोहमाऱ्याचा मिस्त्री आला. तीस-पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, कमी बोलणारा माणूस. त्यानं खोलीत आधी चार फेऱ्या मारल्या. मी म्हटलं, "इथं खिडकीजवळ लावा ना, उजेड आहे." तो म्हणाला, "नाई बाबाजी, इथं ऊन येते. डबीले वाटन का सारी खोलीच तापली, अन् एसी थांबनच नाई." मग मी दाराजवळची जागा दाखवली. "तिथं स्वयंपाकाची झळ लागते." एसीच्या समोर? "तिथं थंडी लागन, मंग एसी चालूच होनार नाई." शेवटी आतल्या भिंतीवर, तिच्या पायथ्याच्या बाजूला, छातीइतक्या उंचीवर त्यानं जागा धरली. म्हणाला, "इथची हवा बाईच्या अंगावरची हवा. इथं खोटं नाई होनार." मला तो माणूस आवडला. तुम्हालाही आवडला असता.

सोबतच्या कागदावर हिंदी आणि इंग्रजी होतं. मी तीन दुपारी घेतल्या, चष्मा, वही आणि लेकीचा जुना शब्दकोश घेऊन. शाळेचं तोंड मी बघितलं नव्हतं, पोत्यांवरचे शिक्के वाचून अक्षरं शिकलो, तुम्हीच हसायचे की हा पोट्टा बारदान वाचते. त्याच वाचनावर डबीचे चार पहारे लावले: सकाळी सहाला सत्तावीस, दुपारी अकराला सव्वीस, संध्याकाळी सव्वीस, रात्री अठ्ठावीस. आकडा डबीवर निळा उमटतो. सूनबाई डोळ्यांनी सगळं बघत होती. शेजारीण म्हणाली, "आता भाऊजी, ते डबी तुमच्याहून शहानी. सांगितलेलं आयकते." सूनबाईनं आखूड "हं" केला आणि तोंडाची डावी बाजू हसली. उजवी तशीच राहिली. मला दोन्ही दिसल्या.

पहिले काही दिवस, खरं सांगतो, सुखाचे गेले. बाहेर हायवेवरचे ट्रकवाले ओले गमछे डोक्याला बांधून फिरत होते आणि आत ती दुपारभर शांत झोपायची. मानेवरचं घामोळं गेलं. एका दुपारी झोपेतून उठून पुन्हा "चा" म्हणाली, आणि त्याच्यामागे एक अक्षर चाचपडत आलं. मी वहीत तारीख घातली. माणसाचं मन असं आहे, उस्ताद, की सुख झालं की कोणाच्या तरी पाया पडावंसं वाटतं. आणि मला आठवला तुमचा काटा.

बॉयलरच्या नळावरच्या त्या पितळी काट्याखाली तुम्ही एक खिळा मारून लोखंडी पट्टी बसवली होती आणि तिन्हीसांजेला तिच्यावर दिवा ठेवायचे. मालक हसले तर तुम्ही म्हणाले होते, "जो आपल्यासाठी जागते, त्याले सांजचा दिवा तरी दाखवाव माणसानं." तुम्ही गेल्यावर तो दिवा मी लावत राहिलो, निवृत्त होईस्तोवर. म्हणून डबीखाली मी एक लाकडी फळी ठोकली. डबीला हळदकुंकू लावलं. संध्याकाळी फळीवर पितळेचा दिवा ठेवला, चांगला भरून, पाच वातींचा, कारण हे माझ्या दारची लक्ष्मी सांभाळणारं यंत्र होतं. मनात बोललो, हिला बोलकी कर. मग दार लावून घेतलं, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून, आणि ओसरीवर जाऊन बसलो. जाणारे-येणारे विचारतात, दोन शब्द होतात, माझं तेवढंच.

कागदावर लिहिलं होतं, चुलीजवळ लावू नका, उन्हात लावू नका. मी ते वाचलं होतं, समजलंही होतं. पण दिव्याला मी जन्मात कधी आग म्हटलं नव्हतं. दिवा तो दिवा.

आठ दिवस असे गेले. मी जेवायला उठून आत यायचो तर अंगावर काटा यायचा. गार लागायचं, मला. मी डबीकडे बघायचो. एकतीस. मनात म्हणायचो, खोली तापलेली आहे, बाहेर बसून बसून माझंच म्हातारं अंग फिरलं आहे. एसी घरघर करत चालूच असायचा. मला वाटायचं, बिचारा किती झटतो आहे. एक दिवस शेजारीण संध्याकाळी भाकरी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"भाऊजी, खोली थंडीगार हाय."

"डबी पाह्य ना. एकतीस दाखवून राहिली."

"डबी काही सांगन. माह्या हाताले गार लागून राहिलं."

"तुह्या हाताले काय कळते? यंत्र आहे ते."

असं म्हणालो मी, उस्ताद. मी, तुमचा शिष्य. ती बिचारी भाकरी ठेवून गेली आणि जाताना सूनबाईच्या पायावर चादर दुमडून टाकून गेली. ती गेल्यावर मी सूनबाईच्या पायावर हात ठेवून बघितला. हाताला काही कळलं नाही. नेहमीसारखंच होतं म्हटलं, म्हणजे ठीक. सूनबाई दिव्याकडे बघत होती. एकटक. मग माझ्याकडे. मग पुन्हा दिव्याकडे. तिनं "हं" केला, लांबवलेला. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मला वाटलं, दिव्याला हात जोडता येत नाहीत म्हणून रडते आहे. मी तिचा डावा हात उचलून उजव्यावर ठेवला आणि तिच्यातर्फे नमस्कार केला. तिनं आणखी एकदा लांब "हं" केला. लांब म्हणजे नाही, हे मला माहीत होतं. मीच तर वहीत लिहून ठेवलं होतं.

नवव्या दिवशी ताप आला. दहाव्या दिवशी छातीत घरघर. गोंदियाला नेलं, बारा दिवस ठेवलं. तिथल्या पलंगाशेजारी बसून मी डॉक्टरला म्हणालो, आमच्याकडे खोली यंत्रावर ठेवलेली आहे, एक अंश इकडे-तिकडे होत नाही. डॉक्टरनं कौतुकानं मान हलवली. ती वाचली, पण जे परत येत होतं ते सगळं गमावून वाचली. चमचा गेला. "चा" गेला. आखूड आणि लांब दोन्ही "हं" गेले. आता नाकातून नळी आहे आणि डोळे उघडे असतात. डॉक्टरनं मला बाहेर नेऊन हलक्या आवाजात सांगितलं, आता औषधाचं काही नाही, घरी नेऊन सेवा करा. ज्या वाक्यात "सेवा" येते ते वाक्य वाईटच असतं, हे आपल्या लोकांना सांगावं लागत नाही.

घरी आणलं त्या सांजेला मी पहिलं काम दिवा लावण्याचं केलं. बारा दिवस बंद असलेली खोली, शेजारणीनं दुपारीच एसी लावून ठेवलेला. डबीवर अठ्ठावीस होतं. मी वाती सारख्या करून तिथंच उभा राहिलो, हात जोडून. डोळे मिटायला पाहिजे होते, नाही मिटले. अठ्ठावीसचे एकोणतीस झाले. मला वाटलं, चष्मा. तीस झाले. एसी गार फेकत होता, माझ्या मानेला लागत होता, आणि आकडा वर चढत होता. एकतीस. मी फुंकर मारून दिवा घालवला. आजवर कधी दिवा फुंकरीनं घालवला नव्हता. आकडा खाली यायला लागला, हळूहळू, एकेक पायरी.

तुमचा आवाज ऐकू आला, उस्ताद. खोटं नाही सांगत. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, बावीस वर्षांचा होतो, धान भिजवायच्या हौदाची राखण तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर सोपवली होती. मला वाकायचा कंटाळा. मी ऊब मोजायचा काच-काटा हौदात सोडला तो वाफेच्या नळाच्या तोंडाशीच, कारण तिथं कठडा खाली होता. काट्यानं भरपूर ऊब दाखवली आणि मी वाफ बंद केली. सकाळी धान फोडून बघितलं तर सगळ्याच्या पोटात पांढरं. कच्चं. पूर्ण हौद. मी म्हणालो, "उस्ताद, काटा खराब आहे." तुम्ही माझ्याकडे बघितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "काटा काऊन खराब राहीन गा? तू त्याले नळाची ऊब देली, त्यानं नळाची ऊब सांगतली. काटा म्हनजे मालकाचा मुनीम. जे त्याच्या म्होरं ठेवशीन तेच लिवन. हौदात काय हाय, ते तुह्या हाताले इचार." मालक आले, विचारलं, कोणी केलं हे? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणाले, "माह्याकडून झालं, शेठ." त्या दिवसापासून तुम्ही माझा हात धरून हौदात बुडवायचे, कोपऱ्या-कोपऱ्यात, रोज, सहा महिने. सगळं हातात आलं. पण "माह्याकडून झालं" हे तेवढं तुम्ही हात धरून शिकवलं नाही. ते मी बघून शिकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन. तिकडे तिच्या फोनवर डबीचे सगळे आकडे जमा होतात, हे मला माहीत नव्हतं. ती रडत होती. "बाबा, रोज संध्याकाळी एकतीस, एकतीस! आणि एसी चार-चार तास थांबलाच नाही. डबीच खराब आहे. त्या मिस्त्रीनं खराब डबी लावली. आईला त्यानं..." मी फोन कानाला धरून उभा होतो. समोर फळी होती, फळीवर काजळी होती. मी म्हणालो, "असेल."

असेल. एवढाच शब्द.

मिस्त्री संध्याकाळी आला, लेकीनं त्याला फोनवर काय काय म्हटलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर होतं. तो यायच्या आत मी फळी काढली होती. खिळ्यांच्या भोकांत चुना भरला, काजळी ओल्या फडक्यानं पुसली. बधिर बोटांनी मला हे काम करायला दुपार लागली, पण केलं. त्यानं डबी उतरवली, उलटीपालटी करून बघितली, पुन्हा भिंतीकडे बघितलं. चुना ओला होता. त्याला दिसलं का नाही, मला आजही माहीत नाही. तो म्हणाला, "जागा तर बरोबरच धरली होती बाबाजी. पन चुकलं असन माह्याकडून." मग पलंगाजवळ जाऊन सूनबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "माय, माफ करजो." ती छताकडे बघत होती. नवी डबी लावून तो गेला. लेकीनं त्याच्याबद्दल चार लोकांना सांगितलं, सडक अर्जुनीत आता त्याला कोणी बोलावत नाही असं ऐकतो. कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर फ्रिज दुरुस्त करताना दिसला होता. मला बघून नमस्कार केला. मीही केला.

आता पौष लागला आहे. डबी भिंतीवर आहे, आकडे दाखवते, मी तिच्याकडे बघत नाही. थंडी यंदा जास्त आहे आणि सूनबाईची थंडी तुम्हाला माहीत आहे. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात चाळीच्या खोलीत तिचे दात वाजायचे तर तुम्ही तळ्याची माती आणून, भुसा मळून, तिच्यासाठी गोरसी घडवली होती आणि बॉयलरच्या तोंडात भाजली होती. एवढी सुबक शेगडी गोंदियाच्या बाजारात नव्हती. देताना म्हणाले होते, "सूनबाई, घे. तुह्या नवऱ्याच्या भरवशावर राहशीन तं गोठून जाशीन." तिनं पदर तोंडाला लावून हसून हसून म्हटलं होतं, "तं तुमीच सांगा ना जी त्याईले." तीच गोरसी, एका बाजूला चिरलेली, अजून आहे. मी तिच्यात विस्तव घालून उघड्या दारात ठेवतो, धूर बाहेर जावा आणि ऊब आत यावी म्हणून. मग तिच्या पायांशी बसतो. हाताला कळत नाही, म्हणून गाल लावतो. आधी एका तळपायाला, मग दुसऱ्याला. एकदा शेजारीण अचानक आत आली, बघितलं, आणि तशीच परत फिरली. आपल्याकडे नवरा बायकोच्या पायाला तोंड लावत नाही. पण हात गेल्यावर ऊब बघायला माझ्याजवळ आता गालच शिल्लक आहे. तळपाय गारच लागतात. गोरसी असली तरी, रजई असली तरी. काल त्याहून गार लागले.

ती फळी मी जाळली नाही. लोखंडी पेटीत आहे, तिच्या लुगड्यांखाली. हे पत्रही घडी करून तिथंच ठेवणार आहे, कारण तुमच्या पत्त्यावर टाकायला इथं पेटी नाही, आणि लेकीच्या पत्त्यावर टाकायची माझी छाती नाही. तीनदा फोन हातात घेतला, तीनदा तिनं आधी "आई कशी आहे" विचारलं, आणि तीनदा मी म्हणालो, खुशाल. सूनबाईलाही सांगितलं नाही. कानाशी तोंड नेतो आणि गोरसी कशी पेटली आहे तेवढंच सांगून येतो. तिला माहीत आहे, हे मला माहीत आहे. ती आठही संध्याकाळी मला सांगत होती.

ती आता थोड्या दिवसांत तुमच्याकडे पोचेल. तिथं तिची जीभ मोकळी असेल. पहिलं काय बोलेल ते बोलू द्या, ऐकून घ्या. सवयीप्रमाणे "माह्याकडून झालं" म्हणून मध्ये पडू नका, उस्ताद, या वेळी नको. तिचं कांबळं मी धुऊन, वाळवून ठेवलं आहे. तिकडे थंडी असते का, आणि सोबत काही देता येतं का, तेवढं मला लवकर लिहून कळवा.